मर्यादेतला सूर : घरच्या ध्वनिमुद्रण-कक्षासाठी साधने निवडताना

पिंपरी-चिंचवड ही यंत्रांची नगरी म्हणून ओळखली जाते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज यांसारखे मोठे उद्योग आले, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गेल्या काही दशकांत हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. परंतु याच पट्ट्याच्या एका बाजूला देहू आहे आणि दुसऱ्या बाजूला आळंदी. यंत्रांचा खडखडाट आणि टाळांचा नाद येथे प्रारंभापासून शेजारी राहत आले आहेत. व्यवसाय-नोकरीनिमित्त येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनीही आपली स्तवने, सज्झाय आणि भक्तामराचे सामूहिक पठण या नगरीत आणले व जपले.

आता या परंपरेला एक नवे वळण मिळाले आहे. चिंचवड, निगडी, मोशी, चाकण येथील सदनिकांमधून घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याची हौस वाढत आहे. कोणाला पर्युषणासाठी महिला मंडळाची स्तवने मुद्रित करायची असतात, कोणाला पाठशाळेतील मुलांसाठी शुद्ध उच्चारांचे पाठ तयार करायचे असतात, तर एखाद्या तरुणाला कंपनीतील पाळी संपवून स्वतःची गाणी रचायची असतात. हौस मोठी असते. पगार मात्र ठरलेला असतो. बाजारात गेल्यावर साधनांची नावे आणि किमती ऐकून गोंधळ उडतो, आणि पुष्कळदा अनावश्यक वस्तू आधी घरात येऊन आवश्यक वस्तूंसाठी पैसा उरत नाही. म्हणून या विषयाचा थोडा शिस्तीने विचार करणे उपयुक्त ठरेल.

साधनांआधी साधना

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका कर्ण्यात तोंड घालून, मोठ्या आवाजात, सुमारे तीन मिनिटांत राग मांडायचा असे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण रूढ होण्यास १९२५ साल उजाडले. तरीही शतकानंतर त्या तबकड्या आवडीने ऐकल्या जातात, त्या त्यांतील गायनामुळे.

आपल्या जवळचे उदाहरण अजय-अतुल या संगीतकार बंधूंचे आहे. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्यामुळे त्यांचे बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या परिसरात गेले. ज्या खेड तालुक्यात चाकण आहे, त्याच तालुक्याचे राजगुरुनगर हे मुख्य ठिकाण. घरात संगीताची परंपरा नव्हती, वाद्येही नव्हती. ज्यांच्याकडे हार्मोनियम, मृदंग, ढोलकी असे त्यांच्याशी मैत्री करून ही मुले वाजवायला शिकली. वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला तो नंतर. पुढे ‘जोगवा’ चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला. परदेशातही असा दाखला आहे. बिली आयलिश या तरुण गायिकेचा २०१९ चा अल्बम प्रामुख्याने तिच्या भावाच्या शयनकक्षात तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

या उदाहरणांवरून साधने निरर्थक आहेत असे मात्र कोणी समजू नये. कोणते साधन कोणत्या टप्प्यावर घ्यावे, याचा क्रम त्यांतून शिकण्यासारखा आहे.

खरेदी की भाडे?

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. समजा, साधनांवर ४०,००० रुपये खर्च होणार आहेत आणि ती पाच वर्षे नीट चालतील. म्हणजे वर्षाचा घसारा ८,००० रुपये. परिसरातील एखादा व्यावसायिक स्टुडिओ तासाला ८०० रुपये घेत असेल, तर वर्षाला दहा तासांचे काम हा समतोलाचा बिंदू झाला. ज्यांना वर्षातून चारच स्तवने मुद्रित करायची आहेत, त्यांनी स्टुडिओ भाड्याने घ्यावा. तेथे तज्ज्ञ तंत्रज्ञही मिळतो. ज्यांना दर आठवड्याला सराव, चुका आणि पुनर्मुद्रण करत शिकायचे आहे, त्यांच्यासाठी स्वतःची साधने किफायतशीर ठरतात. आपल्या भागातील प्रत्यक्ष दर विचारून हे गणित प्रत्येकाने कागदावर मांडावे.

पैसा कोठून आणायचा, हाही विचार महत्त्वाचा. ‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीला अनेक जण भुलतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्टच बजावले होते की शून्य व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते. ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या किंवा गमावलेल्या सवलतीच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते. क्रेडिट कार्डाची बाकी थकवली तर महिना तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज जाऊ शकते. छंदासाठी असे कर्ज काढू नये. सहा-आठ महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडून रक्कम जमवावी. त्या काळात सराव होतो आणि आपली हौस टिकाऊ आहे की नाही हेही कळते. ध्वनिमुद्रणाचा खरोखर व्यवसायच करायचा असेल, तर मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. परंतु उत्पन्नाचा अंदाज मांडल्याशिवाय तिकडे वळू नये.

खोली हेच पहिले साधन

नवखा माणूस सर्वप्रथम माइकची चौकशी करतो. जाणकार आधी खोली पाहतो. मोकळ्या भिंती, लादी आणि काचेच्या खिडक्या यांवर आवाज आपटून परत येतो आणि गाणे न्हाणीघरात म्हटल्यासारखे ऐकू येते. महागडा माइक हा दोष झाकत नाही, उलट अधिक ठळकपणे टिपतो.

सदनिकांतील खोल्या अनेकदा दहा बाय दहा फुटांच्या असतात. लांबी-रुंदी सारखी असली की ठरावीक खर्जाचे स्वर घुमतात. दहा फुटांच्या अंतरात ही घुमण्याची पहिली कंपनसंख्या साधारण ५६ येते, आणि लांबी व रुंदी दोन्ही दिशांनी ती तीच असल्याने दोष दुप्पट होतो. म्हणून गायकाने खोलीच्या मधोमध किंवा अगदी कोपऱ्यात बसू नये. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, गाद्या आणि आपल्या आजीने शिवलेल्या गोधड्या ही उत्तम ध्वनिशोषके आहेत. गोधडी भिंतीला चिकटवून न टांगता तीन-चार इंच पुढे टांगली तर अधिक उपयोगी पडते. सर्वसाधारण माइक समोरचा आवाज टिपतो. त्यामुळे गायकाच्या पाठीमागची भिंत झाकणे सर्वांत महत्त्वाचे. माइकची पाठ खिडकीकडे ठेवावी.

थर्माकोल आवाज शोषत नाही. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी मिळतो. जैन घरात ते येण्याचा प्रश्नच नाही, आणि सुदैवाने त्यांचा उपयोगही फारसा होत नाही. पातळ फोम केवळ उंच स्वर शोषतो. शंभर कंपनसंख्येच्या खर्जाची ध्वनिलहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला दोन इंचांचा फोम काय अडवणार? त्यासाठी चार इंच जाडीचे रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणावे. बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांना गुंडाळण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य औद्योगिक साहित्याच्या दुकानांत मिळते. या बाबतीत आपल्या पट्ट्यातील रहिवाशांची सोयच आहे. हाताळताना तोंडाला मास्क व हातात मोजे मात्र हवेत.

बाहेरचा आवाज थांबवणे ही वेगळी आणि खर्चिक गोष्ट आहे. लोहमार्गावरील गाड्या, पुणे-नाशिक रस्त्यावरचे कंटेनर, भोसरीतील प्रेसची धडधड यांना गोधडी रोखू शकत नाही. येथे पैशापेक्षा वेळापत्रक उपयोगी पडते. पहाटेची वेळ निवडावी. पंखा आणि फ्रीज तेवढ्यापुरते बंद ठेवावेत. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याचा अनुभव या परिसराला नवा नाही. चार्ज केलेल्या लॅपटॉपवर अशा वेळी काम केल्यास शेजारच्या यंत्रांचा आवाजही थांबलेला असतो. मुद्रणात सतत बारीक गुणगुण येत असेल, तर आधी घरातील अर्थिंग वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

माइक, इंटरफेस आणि हेडफोन

माइकचे दोन मुख्य प्रकार आहेत. डायनॅमिक माइक दणकट असतो, जवळचा आवाज चांगला टिपतो आणि दूरचा गोंगाट तुलनेने कमी घेतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ मध्ये बाजारात आलेला माइक आजही जगभर वापरला जातो, यावरून या प्रकाराची टिकाऊ वृत्ती ध्यानात येते. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असतो. तानपुऱ्याची झंकार, श्वासाची सूक्ष्मता तो सुरेख टिपतो; पण शेजारच्या कुकरची शिटीही तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो आणि तो इंटरफेसमधून मिळतो. सामायिकाची ४८ मिनिटे आणि भक्तामराची दिगंबर परंपरेतील ४८ काव्ये परिचित असणाऱ्या वाचकांना हा आकडा विसरणे कठीण जाईल.

ज्यांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि ध्वनिशोषणाची व्यवस्था नाही, त्यांनी डायनॅमिक माइकपासून प्रारंभ करावा. शांत व नीट सजवलेली खोली असल्यास कंडेन्सर घ्यावा. थेट लॅपटॉपला जोडता येणारा यूएसबी माइक स्वस्त आणि सोपा असतो; पाठशाळेचे पाठ किंवा निवेदन एवढेच काम असेल तर तो पुरेसा आहे. परंतु त्याच्या भोवती पुढे फारसे काही वाढवता येत नाही.

माइकमधील सूक्ष्म विद्युत्-स्पंदने मोठी करून त्यांचे अंकांत रूपांतर करणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. एका माइकची पेटी थोडी स्वस्त मिळते, पण स्तवनासोबत हार्मोनियम असेल तर गळ्यासाठी एक आणि पेटीसाठी एक असे दोन माइक लागतात. म्हणून दोन माइक जोडता येतील असाच इंटरफेस घ्यावा. दुसरा माइक पुढच्या वर्षी घेता येतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज विलंबाविना हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय त्यात आहे का, हेही पाहावे. तो विलंब जाणवला की चांगला गायकही तालातून सुटतो.

गाताना वापरण्याचे हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत. अन्यथा त्यातील तानपुरा माइकमध्ये झिरपतो. खर्ज फुगवून दाखवणारे ‘बास’चे हेडफोन कामाचे नाहीत. स्टुडिओचे स्पीकर आकर्षक दिसतात, पण खोली तयार झाल्याशिवाय ते खोटेच सांगतात. पहिल्या वर्षी त्यांच्यावर खर्च करू नये. माइकपुढची जाळी विकत न घेता भरतकामाच्या कडीवर पातळ नायलॉनचा मोजा ताणूनही तयार होते. केबल आणि जोडण्या पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसरात पाहून, हाताळून घेता येतात.

चाळीस हजारांची विभागणी

लॅपटॉप घरात आहे असे गृहीत धरून विभागणी अशी करता येईल :

इंटरफेस – १२,००० रुपये
माइक – ९,००० रुपये
हेडफोन – ५,००० रुपये
खोलीची व्यवस्था – ५,००० रुपये
साठवणीसाठी बाह्य डिस्क – ४,००० रुपये
स्टँड, केबल, जाळी – ३,००० रुपये
राखीव – २,००० रुपये

प्रत्यक्ष किमती बदलतात, सणासुदीला उतरतातही. तेव्हा आकड्यांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवावे. साधारण आठवा हिस्सा खोलीसाठी आणि दहावा हिस्सा साठवणीसाठी बाजूला काढण्याची शिस्त बहुतेकांकडून मोडली जाते, आणि नंतर त्याचीच खंत वाटते. रक्कम निम्मी असेल तर यूएसबी माइक, हेडफोन आणि गोधड्या यांवर एक वर्ष काढावे. पक्के बिल आणि वॉरंटी यांचा आग्रह धरावा. वापरलेला डायनॅमिक माइक तपासून घेण्यास हरकत नाही; वापरलेला कंडेन्सर घेताना अधिक सावध असावे, कारण ओल आणि धूळ यांनी तो बिघडतो.

व्रतांच्या प्रकाशात

या खरेदीला आपल्या अणुव्रतांचीही कसोटी लावता येते. पहिली कसोटी अचौर्याची. चोरीची सॉफ्टवेअर सहज मिळतात आणि ‘सगळेच वापरतात’ हे समर्थनही तयार असते. परंतु ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. ॲपलच्या संगणकांवर गॅरेजबँड मोफत मिळते. रीपरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरमध्ये मिळतो. एवढे मार्ग असताना भगवंताचे स्तवन चोरीच्या साधनावर मुद्रित करावे, हे शोभणारे नाही.

चित्रपटगीतांच्या चालींचे तसेच आहे. लोकप्रिय चालीवर स्तवनाचे शब्द बसवून ते मंडळात म्हणणे आणि ते मुद्रित करून प्रसृत करणे यांत फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क असतो. प्राचीन स्तोत्रे सर्वांची आहेत. त्यांचे अलीकडे केलेले भाषांतर किंवा नवी चाल मात्र त्या त्या व्यक्तीची असते. परवानगी घ्यावी, नाही तर पारंपरिक चाल वापरावी. पारंपरिक चाली जपण्याचे काम त्यातून आपोआप होते.

अहिंसेचाही विचार अनेक घरांत होतो. तबला, पखवाज, ढोलकी यांवर चामडे मढवलेले असते. ज्यांना ते नको असते, त्यांच्यासाठी कृत्रिम पुडीचे तबले आणि इलेक्ट्रॉनिक तालयंत्रे उपलब्ध आहेत. तानपुऱ्यासाठी मिरजेची कारागिरी विख्यात आहे. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेवढा खर्च शक्य नसल्यास इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरील ॲप सुराला पुरेसा आधार देते.

साधु-साध्वींचे प्रवचन मुद्रित करण्यापूर्वी त्यांची आज्ञा अवश्य घ्यावी. काही परंपरांत ध्वनिवर्धकाचा वापर मर्यादेबाहेरचा मानला जातो. आपल्या उत्साहामुळे त्यांच्या आचाराला बाधा येता कामा नये.

शेवटची कसोटी परिग्रह-परिमाणाची. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूंत न पाहता त्यांच्याविषयीच्या मूर्च्छेत पाहिले आहे. ध्वनिमुद्रणाच्या छंदात ही मूर्च्छा फार लवकर जडते. नवा माइक आला की जुना फिका वाटू लागतो. यावर उपाय म्हणून खरेदीपूर्वीच वहीत कमाल रक्कम लिहून ठेवावी आणि दहा रचना पूर्ण झाल्याशिवाय नवे साधन न घेण्याचा नियम करावा. दोन-तीन कुटुंबांनी किंवा मंडळाने मिळून एक संच घेणे हा तर त्याहून चांगला मार्ग आहे.

आधी कोणाचा आवाज?

ज्या घरात ऐंशी वर्षांच्या आजी आहेत, त्या घराने मात्र एवढ्या विचारासाठीही थांबू नये. मारवाडी, गुजराती, मराठी अशा मिश्र बोलीत म्हटली जाणारी कितीतरी स्तवने, चौढाळिया आणि सज्झाय आज केवळ अशा ज्येष्ठांच्या कंठात उरली आहेत. शब्द पुस्तकात सापडतील. चाल सापडणार नाही. आवर्ती ठेव पूर्ण होण्याची वाट पाहता पाहता तो आवाज थकला, तर पुढे कोणताही माइक उपयोगाचा नाही.

अशा वेळी हातातला मोबाइल पुरेसा आहे. आजी नेहमी जेथे बसतात तेथेच त्यांना बसू द्यावे, पंखा बंद करावा, मोबाइल विमान स्थितीत ठेवून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा. प्रारंभी त्यांचे नाव, गाव, स्तवन कोणाकडून शिकल्या आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्यावी. मध्ये त्या अडखळल्या, विसरल्या, हसल्या तरी मुद्रण थांबवू नये. पुढे साधने आल्यावर तेच पुन्हा, चांगल्या दर्जात घ्यावे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २४ बिट या दर्जाचे एका माइकचे मुद्रण मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेते. म्हणजे एका सामायिकाएवढ्या ४८ मिनिटांना ३८० एमबीच्या आसपास. आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा नगण्य आहे. मूळ फाइल न दाबता ठेवावी, तिच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्यावी.

येत्या चातुर्मासात मंडळांनी आपापल्या परिसरातील अशा ज्येष्ठांची यादी करून प्रत्येकाकडे एक सकाळ राखून ठेवली, तर इंटरफेस आणि माइक यांची निवड त्यानंतर सावकाश करता येईल.